भल्या हेतूचा हिशेब

१९३०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात, बॉस्टनला खेटून असलेल्या केंब्रिज आणि सॉमरव्हिल या दोन शहरांत एक वेगळीच निवड चालू होती. शाळा, पोलीस आणि चर्च यांनी सुचवलेली दहा वर्षांच्या आतबाहेरची मुलं; काही वांड, काही अगदी सरळ. वय, घरची परिस्थिती, स्वभाव, बुद्धी असं सगळं ताडून त्यांच्या जोड्या लावल्या गेल्या आणि प्रत्येक जोडीमागे छापा-काटा झाला. नाण्याने ज्याला कौल दिला त्या मुलाला पुढची काही वर्षं एक समाजकार्यकर्ता मिळणार होता. जोडीतल्या दुसऱ्याला काहीच नाही. अशा शेवटपर्यंत टिकलेल्या २५३ जोड्या, ५०६ मुलं.

मदतीत कसूर नव्हती. कार्यकर्ता महिन्यातून सरासरी दोनदा मुलाच्या घरी जायचा. अभ्यासात मागे पडलेल्याला शिकवणी, आजाऱ्याला डॉक्टर, गरज पडली तर मानसोपचारतज्ज्ञ, सुट्टीत उन्हाळी शिबिर. सरासरी साडेपाच वर्षं हे चाललं आणि १९४५च्या अखेरीस थांबलं. मुलं मोठी झाली, पांगली. तीस वर्षांनी जोन मकॉर्ड या संशोधक बाईंनी त्यांचा माग काढला. पत्रं पाठवली, न्यायालयांची, दवाखान्यांची, मृत्यूंची दप्तरं चाळली. मदत मिळालेल्यांपैकी ज्यांनी उत्तर दिलं, त्यांतल्या सुमारे दोन तृतीयांश पुरुषांनी कळवलं, की त्या कामाचा आपल्याला फायदा झाला. काहींनी तर आपल्या कार्यकर्त्याची मोठ्या आपुलकीने आठवण काढली.

दप्तरं मात्र वेगळंच सांगत होती. मदतीच्या गटात गुन्हेगारी कमी झालेली नव्हतीच. उलट एकापेक्षा जास्त गुन्हे करणारे तिथेच अधिक निघाले. दारूचं व्यसन, गंभीर मानसिक आजार, ताणाशी जोडलेली दुखणी, अकाली मृत्यू, या सगळ्यांत काहीही मदत न मिळालेली मुलं बरी ठरत होती. १९७८मध्ये मकॉर्डबाईंनी हे छापलं, तेव्हा समाजकार्याच्या वर्तुळात ते पचवणं अनेकांना जड गेलं. पुढे त्यांनी आणखी खोदलं, तेव्हा उन्हाळी शिबिरांना एकाहून अधिक वेळा पाठवलेल्या मुलांचं नुकसान सर्वांत जास्त झाल्याचं दिसलं. एक स्पष्टीकरण असं, की वांड पोरं एकत्र आली की आपापले पराक्रम एकमेकांना रंगवून सांगतात, टाळी मिळते, आणि त्या टाळीपुढे कार्यकर्त्याचा उपदेश कुठल्या कुठे राहतो.

ही योजना ज्यांनी आखली ते रिचर्ड कॅबट पेशाने डॉक्टर. १९०५मध्ये मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये त्यांनी समाजकार्याचा विभाग सुरू करवला. रोगी बरा होऊन पुन्हा त्याच ओल धरलेल्या खोलीत जाणार असेल तर औषधाचा उपयोग काय, हा त्यांचा सवाल. याच गृहस्थांनी शवविच्छेदनाचे तीन हजार अहवाल तपासून डॉक्टरांची निदानं किती वेळा चुकतात हेही जाहीर केलं होतं. व्यवसायबंधूंना ते फारसं रुचलं नाही, हे सांगायला नको. १९३१मध्ये समाजकार्यकर्त्यांच्या राष्ट्रीय परिषदेच्या अध्यक्षपदावरून त्यांनी श्रोत्यांनाच आव्हान दिलं: तुमच्या कामाने खरोखर कुणाचं भलं होतं का, ते मोजून दाखवा. आणि मग स्वतःच मोजायला घेतलं. १९३९च्या मे महिन्यात ते वारले. निकाल पाहायला राहिले नाहीत.

जोडीतला तो दुसरा मुलगा नसता, तर दोन तृतीयांश समाधानी लाभार्थी हाच या कामाचा अहवाल झाला असता. आजही बहुतेक संस्थांचे वार्षिक अहवाल तसेच असतात: गुळगुळीत कागद, हसरे चेहरे, दोन-चार मनोगतं. त्यात खोटं काही नसतं. फक्त ही मदत मिळाली नसती तर याच माणसाचं काय झालं असतं, या प्रश्नाला तिथे जागा नसते. डॉक्टरकीत हा प्रश्न आता अंगवळणी पडला आहे. पोलीस ठाणं, न्यायालय आणि तुरुंग यांच्या वाटेवर उभ्या असलेल्या समाजकार्याने तो विचारायला उशीर केला, आणि त्याची किंमत इतरांनी मोजली.

याचं सर्वांत गाजलेलं उदाहरण न्यू जर्सीतल्या राहवे तुरुंगातलं. १९७६पासून तिथले जन्मठेपेचे कैदी एक उपक्रम चालवत. वाट चुकू लागलेल्या पोरांना आत आणायचं, आणि इथे आलात तर तुमचे काय हाल होतील हे शिव्यांसकट, अंगावर धावून जात त्यांना ऐकवायचं. पोरं रडकुंडीला येत. १९७८मध्ये त्यावर ‘स्केअर्ड स्ट्रेट!’ हा माहितीपट निघाला, त्याला ऑस्कर मिळालं, आणि अमेरिकेतल्या राज्याराज्यांत अशा तुरुंगभेटी सुरू झाल्या. स्वस्त, झटपट आणि पडद्यावर पाहायला जबरदस्त. आमदार-खासदारांना आणखी काय हवं?

रटगर्स विद्यापीठाच्या जेम्स फिंकनॉवर यांनी तुरुंग पाहून आलेली आणि न गेलेली मुलं सहा महिन्यांनी तपासली. जाऊन आलेल्यांपैकी ४१ टक्क्यांनी नवा गुन्हा केला होता, न गेलेल्यांपैकी ११ टक्क्यांनी. गट छोटे होते, वाटणीतही त्रुटी राहिल्या होत्या, त्यामुळे एकट्या या आकड्यावर कुणी फार विसंबू नये. पण २००२मध्ये अँथनी पेट्रोसिनो आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत झालेले असे नऊ प्रयोग एकत्र मांडले. सगळ्यांत मुलांची वाटणी चिठ्ठ्या टाकल्यासारखी निःपक्षपाती झाली होती. कौल तोच आला: काहीच न करणं या तुरुंगभेटीपेक्षा बरं. त्यानंतरही २०११ ते २०१५ या काळात अमेरिकेतल्या एका वाहिनीवर याच धर्तीची मालिका चाललीच.

चित्रपटाचा प्रभाव आपल्यालाही नवा नाही. ज्या १९३९मध्ये केंब्रिजला मुलांच्या घरी कार्यकर्ते जाऊ लागले, त्याच वर्षी औंध संस्थानात आटपाडीजवळ स्वतंत्रपूरची खुली वसाहत उभी राहिली आणि शिक्षा झालेले कैदी बेड्यांशिवाय शेती करू लागले. मॉरिस फ्रीडमन यांची कल्पना, राजेसाहेबांचा पाठिंबा. त्यावर ग. दि. माडगूळकरांनी कथा लिहिली, व्ही. शांताराम यांनी १९५७मध्ये ‘दो आँखें बारह हाथ’ काढला आणि खुला तुरुंग ही गोष्ट मराठी घराघरांत पोचली. प्रयोग मोठ्या मनाचा होता, यात शंका नाही. पण त्याची आठवण निघते ती पडद्यावरच्या सहा कैद्यांमुळे. वसाहतीतून सुटलेले आणि बंद तुरुंगातून सुटलेले अशांची शेजारी शेजारी मांडलेली नोंद आपल्या चर्चेत येत नाही.

मोजणीचाही अतिरेक होतो, तोही इथे सांगायला हवा. १९७४मध्ये रॉबर्ट मार्टिन्सन या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने कैद्यांच्या सुधारणेवरचे २३१ अभ्यास पालथे घालून एक लेख लिहिला. ठाम यश कुठेच दिसत नाही, असा त्याचा सूर. वर्तमानपत्रांनी तो दोन शब्दांत आणला: काहीच चालत नाही. कडक शिक्षेच्या बाजूचे खूश झाले. सुधारणेच्या नावाखाली माणसाला अनिश्चित काळ डांबून ठेवण्यावर चिडलेले उदारमतवादीही खूश झाले. पुढची कित्येक वर्षं तुरुंगातल्या शिक्षणाचा, समुपदेशनाचा पैसा कापायला हा लेख पुरला. १९७९मध्ये मार्टिन्सननीच लिहिलं, की आपला निष्कर्ष घाईचा होता. काही उपक्रम उपयोगी पडतात, काही अपाय करतात, आणि ते कोणत्या परिस्थितीत राबवले जातात यावर बरंच अवलंबून असतं. पहिला लेख ज्यांनी वाचला त्यांतल्या थोड्यांनीच दुसरा वाचला.

त्या दुसऱ्या लेखाची वाट पुढे नेली ती कॅनडातल्या काही मानसशास्त्रज्ञांनी. डॉन अँड्र्यूज, जेम्स बाँटा, पॉल जेन्ड्रो ही त्यांतली नावं. सुधारणा चालते का, असा सरसकट प्रश्न सोडून त्यांनी विचारलं: कुणाच्या बाबतीत, नेमकं काय बदललं तर, आणि कोणत्या पद्धतीने? त्यातून निघालेली एक गोष्ट सामान्य समजुतीला धक्का देणारी आहे. ज्याच्याकडून पुन्हा गुन्हा घडण्याची शक्यता जास्त, त्याच्यावर जास्त मेहनत घ्यावी, हे ठीक. पण ज्याची शक्यता मुळातच कमी, त्याच्यावर मेहनत घेतली तर तो बिघडू शकतो! सिनसिनाटी विद्यापीठाच्या लोवेनकॅम्प आणि लटेसा यांनी २००२मध्ये ओहायो राज्यातल्या निवासी सुधारगृहांतल्या हजारो लोकांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा हेच दिसलं. विचार केला तर कारण साधं आहे. पहिल्यांदाच चुकलेल्या माणसाला नोकरी असते, घर असतं, सकाळी उठून जायचं ठिकाण असतं. त्याला सुधारायला म्हणून चार महिने कुठे नेऊन ठेवलं, की नोकरी जाते, घर दुरावतं आणि सोबतीला मिळतात मुरलेले गडी.

हवाई बेटांवरची गोष्टही बोलकी आहे. प्रोबेशनवर, म्हणजे तुरुंगाऐवजी देखरेखीखाली सोडलेल्याने नियम मोडला की लगेच, हमखास, पण थोडक्या दिवसांची कोठडी द्यायची, अशी पद्धत न्यायाधीश स्टीव्हन आम यांनी २००४मध्ये तिथे सुरू केली. पहिल्या मोजणीत निकाल झकास आले. मग तीच पद्धत मुख्य भूमीवरच्या चार राज्यांत नेऊन तपासली, तेव्हा २०१६मध्ये कळलं की नेहमीच्या प्रोबेशनपेक्षा फरक जवळपास नाहीच. एका ठिकाणी जमलेलं दुसरीकडे जमेल, हेही पुन्हा मोजावंच लागतं.

आता ज्या प्रयोगाचा धागा थेट भारताच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत येतो, त्याकडे वळू.

लुई श्वाइट्झर हे न्यूयॉर्कचे एक धनाढ्य उद्योजक. १९६०च्या सुमारास त्यांनी ब्रुकलिनचा कच्च्या कैद्यांचा तुरुंग पाहिला. दोष सिद्ध झालेला नाही, खटला उभा राहिलेला नाही, पण जामिनाचे पैसे नाहीत म्हणून कोवळी पोरं महिनोन् महिने आत. त्यांनी हर्बर्ट स्टर्झ या तरुण संपादकाला हाताशी धरलं. स्टर्झ वकील नव्हते, पोलीस नव्हते. मुलांच्या एका मासिकात काम केलेला माणूस. श्वाइट्झरांनी आपल्या आईच्या नावाने संस्था काढली, व्हेरा, आणि १९६१च्या ऑक्टोबरात मॅनहॅटनच्या फौजदारी न्यायालयात काम सुरू झालं.

काम म्हणजे काय? न्यूयॉर्क विद्यापीठातले कायद्याचे विद्यार्थी आरोपींना न्यायाधीशांपुढे नेण्याआधी कोठडीत भेटायचे. हातात एक छापील कागद. कुठे राहतोस, किती दिवसांपासून, घरात कोण कोण, काम कुठे, मुकादमाचा फोन नंबर काय, आधी कधी अटक झाली होती का? मग फोनवरून खातरजमा. प्रत्येक उत्तराला गुण. शहरातला पत्ता असेल आणि पाच गुण भरले, तर ‘याला पैसे न घेता केवळ शब्दावर सोडायला हरकत नाही’ अशी शिफारस. खरी युक्ती पुढे आहे. पात्र ठरलेल्यांतल्या निम्म्यांचीच शिफारस न्यायाधीशांकडे गेली. उरलेल्यांची मुद्दाम बाजूला ठेवली. ही वाटणीही योगायोगावर सोडली होती.

शिफारस गेलेल्यांपैकी ५९ टक्के जण पैशाविना सुटले. न गेलेल्यांपैकी १६ टक्के. म्हणजे माहिती समोर आली तर न्यायाधीश निर्णय बदलतात. त्याहून मोठं पुढचं. शिफारस गेलेल्यांपैकी ६० टक्क्यांवरचे आरोप शेवटी उडाले किंवा ते निर्दोष ठरले. दुसऱ्या गटात हे प्रमाण फक्त २३ टक्के. दोन्ही गट सारखेच निवडले होते, हे लक्षात घ्या. बाहेर असलेला माणूस वकिलाला भेटतो, साक्षीदार शोधतो, कामावर जातो, धुतलेला शर्ट घालून न्यायालयात उभा राहतो. आतला माणूस बेड्यांत येतो. आणि बाहेर सोडलेले पळून गेले का? पहिल्या तीन वर्षांत शिफारशीवर सुटलेल्या ३,५०५ जणांपैकी तारखेला जाणूनबुजून गैरहजर राहिले ५६. दीड टक्क्याच्या जरा वर. पैसे भरून सुटलेल्यांपेक्षा हे प्रमाण कमी होतं. १९६६मध्ये अमेरिकेने संघीय जामीन कायदाच बदलला.

अलीकडचा एक अभ्यास याच मालिकेतला. न्यूयॉर्कमध्ये किरकोळ गुन्ह्यांत समन्स मिळालेले अनेक जण तारखेला येत नसत, मग वॉरंट. २०२०मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामात संशोधकांनी समन्सचा कागद सोपा करून पाहिला, आणि तारखेआधी मोबाइलवर आठवणीचे संदेश पाठवून पाहिले. कागदाने गैरहजेरी सुमारे १३ टक्क्यांनी घटली, संदेशांनी सुमारे २१ टक्क्यांनी. बरेच जण पळत नव्हते, विसरत होते.

मॅनहॅटनचा निकाल भारतात आला तो बिहारच्या कच्च्या कैद्यांबरोबर. १९७९च्या जानेवारीत ‘इंडियन एक्स्प्रेस’मध्ये के. एफ. रुस्तमजी यांचे लेख आले. रुस्तमजी मूळचे नागपूरजवळच्या कामठीचे, सीमा सुरक्षा दलाचे पहिले प्रमुख, तेव्हा राष्ट्रीय पोलीस आयोगाचे सदस्य. बिहारच्या तुरुंगांत माणसं गुन्ह्याच्या कमाल शिक्षेहून जास्त काळ खटल्याविना पडली आहेत, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. वकील कपिला हिंगोरानी यांनी त्या लेखांवरून सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. ‘हुसैनआरा खातून’ या नावाने ती ओळखली जाते. निकालपत्रात न्या. भगवती यांनी मॅनहॅटनच्या प्रकल्पाचं नाव घेऊन सांगितलं, की पैशाच्या तारणाविनाही आरोपी हजर राहतात असा अनुभव आहे. आणि न्यायाधीशांनी काय पाहावं याची यादी दिली. वस्तीत किती काळ राहतो, काम काय, घरची नाती कशी, आधीचा गुन्हा, त्याच्यासाठी शब्द देणारी जबाबदार माणसं कोण. कोठडीतल्या त्या विद्यार्थ्यांच्या छापील कागदाशी ही यादी ताडून पाहावी, बरीच जुळते.

त्याच्या आदल्याच वर्षी न्या. कृष्ण अय्यर यांनी मोतीराम या गवंड्याच्या प्रकरणात जामिनाच्या रकमेवर आसूड ओढला होता. दंडाधिकाऱ्याने दहा हजारांचा जामीनदार मागितला होता आणि भाऊ उभा राहिला तर तो दुसऱ्या जिल्ह्यातला म्हणून नाकारला होता.

म्हणजे काय उपयोगी पडतं हे भारताच्या सर्वोच्च न्यायालयाला १९७९पासून ठाऊक आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीप्रमाणे २०२२च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसं होती आणि त्यांतली ४,३४,३०२ कच्चे कैदी. शंभरातले जवळजवळ शहात्तर.

मधल्या काळात चुकलं काय? यादी आली, पण ती भरणारा माणूस आला नाही. मॅनहॅटनमध्ये न्यायाधीशांपुढे कागद ठेवायला विद्यार्थी होते, फोन होते, कार्यालय होतं. इथे न्यायाधीशाने वस्तीतली नाती पाहावी म्हटलं, तर त्याला ती सांगणार कोण? मुंबईला खरं तर याची सवय लवकर लागायला हवी होती. १९२४चा बाल कायदा, १९३८चा प्रोबेशनचा कायदा, १९३६मध्ये नागपाड्यात क्लिफर्ड मॅन्शार्ट यांच्या पुढाकाराने निघालेली समाजकार्याची शाळा, म्हणजे आजची टाटा समाजविज्ञान संस्था; सगळं या शहराने देशातल्या बहुतेक भागांच्या आधी पाहिलं. १९५८चा प्रोबेशनचा केंद्रीय कायदा तर सांगतो, की एकवीस वर्षांखालच्या दोषीला तुरुंगात धाडण्याआधी न्यायालयाने परिविक्षा (प्रोबेशन) अधिकाऱ्याचा अहवाल मागवून विचारात घ्यावा. कायद्यात हा अधिकारी आहे. प्रत्यक्षात त्याच्या टेबलावर महिला व बालविकास खात्याची इतर दहा कामं असतात.

याच टाटा संस्थेचा ‘प्रयास’ हा प्रकल्प १९९०मध्ये आर्थर रोड तुरुंगात सुरू झाला, आणि आज मुंबई-ठाणे परिसरातल्या कारागृहांत त्याचे प्रशिक्षित समाजकार्यकर्ते काम करतात. त्यांचं काम जवळून पाहिलं तर बरंचसं कंटाळवाणं वाटेल, आणि म्हणूनच ते सांगण्यासारखं आहे. समजा, ठाण्याच्या कारागृहात बिहारचा एक बिगारी चोरीच्या आरोपावरून आहे. न्यायालयाने पंधरा हजारांचा जामीन मंजूर केला, एक ऐपतदार जामीनदार हवा. बातमी असेल तर इथेच संपते: जामीन मंजूर. पण जामीनदार म्हणजे रेशनकार्ड, पगाराची पावती, घरपट्टी, नाहीतर गावाकडचा सातबारा घेऊन न्यायालयात दिवस मोडणारा माणूस. बिगाऱ्याला मुंबईत असा कोण ओळखतो? अटकेच्या वेळी मोबाइल जप्त झाला, गावाकडचा एकही नंबर पाठ नाही. कार्यकर्ता गावाच्या सरपंचाचा नंबर शोधतो, घरी निरोप पोचवतो, मुकादमाला गाठतो. मग वकिलाकरवी अर्ज: जामीनदाराऐवजी रोख रक्कम घ्यावी. तो मान्य झाला तर रक्कम कमी व्हावी, म्हणून आणखी एक. नाहीतर जातमुचलक्यावरच सोडावं म्हणून तिसरा. शेवटी सुटकेचा आदेश तुरुंगाच्या दारावरच्या जामीन पेटीत वेळेत पडायला हवा. ही पेटी महाराष्ट्राला २०२१च्या ऑक्टोबरात दूरचित्रवाणीवर दिसली. एका चित्रपट अभिनेत्याच्या मुलाचा आदेश संध्याकाळच्या साडेपाचच्या आत पोचला नाही, आणि त्याला आणखी एक रात्र आत काढावी लागली. नामांकित वकिलांची फौज असताना ही गत.

२०२३च्या ३१ जानेवारीला सर्वोच्च न्यायालयाने यावर सविस्तर सूचना दिल्या. जामीन मिळूनही सुमारे पाच हजार कैदी आतच असल्याचं त्याआधी न्यायालयापुढे आलं होतं. आता सात दिवसांत सुटका झाली नाही तर तुरुंग अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचं; प्राधिकरणाने परिविक्षा अधिकारी किंवा विधी स्वयंसेवकाकडून कैद्याच्या आर्थिक-सामाजिक परिस्थितीचा अहवाल करवून घ्यायचा; महिना उलटला तर न्यायालयाने अटी सैल करण्याचा विचार आपणहून करायचा. कोठडीतला तो छापील कागद हुसैनआरा निकालानंतर चव्वेचाळीस वर्षांनी दुसऱ्या दाराने आला, असंच म्हणायचं. फरक इतकाच, की मॅनहॅटनमध्ये तो निर्णयाआधी भरला जायचा, इथे जामीन ठरून माणूस अडकल्यावर.

त्याच २०२३मध्ये केंद्राने गरीब कैद्यांसाठी योजना आणली: जामिनासाठी कच्च्या कैद्यामागे ४० हजार रुपयांपर्यंत, दंडासाठी २५ हजारांपर्यंत सरकारी मदत. योजना दयाळू आहे, पण तिच्या पोटात एक गंमत दडली आहे. पैसे अडकलेले असले की आरोपी पळत नाही, या समजुतीवर पैशाचा जामीन उभा आहे. पैसे सरकारचेच असतील तर आरोपीचं अडकलंय काय? तरीही तो येईल असा भरवसा सरकारला वाटत असेल, तर मग रक्कम मागायचीच कशाला? मॅनहॅटनने १९६४ साली याचं उत्तर दिलं होतं.

अर्थात गुणांचा तो कागदही जसाच्या तसा उचलून चालणार नाही. त्यातला पहिलाच प्रश्न पत्त्याचा. पारध्याच्या पालाला घर क्रमांक कुठला? पुढचा प्रश्न आधीच्या अटकेचा. १८७१च्या कायद्याने ज्या जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवलं, सोलापूरला ज्यांना तारेच्या कुंपणात ठेवलं, त्यांची ३१ ऑगस्ट १९५२ला सुटका झाली ती कागदावर; मुंबई राज्यात १९५९ साली सराईत गुन्हेगारांचा कायदा आला आणि पोलिसांची नजर तिथल्या तिथे राहिली. चोरी झाली की आधी पालावर जायचं, असा रिवाज असेल तर पालावरच्या पोराच्या नावापुढे अटका जास्त असणारच. त्या अटका मोजून त्याला धोकादायक ठरवणं म्हणजे जुन्या पूर्वग्रहाला गणिताची टोपी घालणं. अमेरिकेतही २०१६मध्ये फ्लोरिडातल्या एका संगणकी गुणपद्धतीबद्दल हाच आक्षेप पुढे आला: पुढे काहीही न केलेल्यांपैकी कृष्णवर्णीयांना ‘जास्त धोक्याचे’ ठरवण्याची चूक गोऱ्यांच्या तुलनेत जवळपास दुप्पट होत होती. पद्धत बनवणाऱ्या कंपनीला हे विश्लेषण मान्य नव्हतं, आणि तो वाद अजून चालू आहे. आपल्याकडे मुंबईच्या पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ३ ऑक्टोबर २०२४ला तुरुंगांच्या नियमावल्यांतली जातीवर आधारित कामवाटणी रद्द केली, नोंदवह्यांतला जातीचा रकाना काढायला लावला आणि विमुक्त जमातींना सराईत गुन्हेगार म्हणणारे उल्लेखही मोडीत काढले.

एक रकाना गेला, पण एक मात्र घालायचा राहिला आहे. गुन्हे नोंद विभागाच्या वार्षिक तुरुंग आकडेवारीत किती कैदी, किती शिकलेले, पॅरोलवरून किती परतले नाहीत, हे सगळं मिळतं. जामिनावर सुटलेल्यांपैकी किती जण तारखेला हजर राहिले, रोख भरून सुटलेले किती आणि नुसत्या जातमुचलक्यावर सुटलेले किती, हे त्यात नाही. सुटकेची तारीख तुरुंगांच्या ई-प्रिझन्स प्रणालीत असते; हजेरी न्यायालयांच्या संगणकात. परभणी किंवा ठाणे, कुठल्याही एका जिल्ह्यात या दोन नोंदी वर्षभर शेजारी ठेवल्या, तरी परिविक्षा अधिकाऱ्याचा अहवाल न्यायाधीशापुढे असला आणि नसला तर काय फरक पडतो, ते मराठी मुलखातल्या आकड्यांत सांगता येईल.